देवगिरीचा दरवाजा आणि मिठाची पोती

आपल्या देहूरोडला लष्कराची फाटके रोजच दिसतात. तेव्हा दरवाज्याचे नवल ते काय, असे मला वाटे. पण देवगिरीच्या महाकोटाचा दरवाजा पाहिला आणि पाय तेथेच थबकले. दारांना अणकुचीदार लोखंडी खिळे, हत्तीने मस्तक टेकवू नये म्हणून. एका दरवाज्यापुढे दुसरा, मध्ये बुरुजांनी घेरलेला चौक. वाट मुद्दाम वळवलेली. हत्तीला धावायला जागाच नाही, आणि चौकात शिरलेल्या शत्रूवर वरून चहूकडून मारा! आज दिसते ते काम बरेचसे यादवांनंतरचे, पण जागा त्यांचीच.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी येथे चालून आला. फौज युवराजाबरोबर दूर गेलेली. रामदेवराव घाईने किल्ल्यात शिरला. पुढे तीनशे वर्षांनी फेरिश्ता लिहितो, की धान्य म्हणून आत घेतलेल्या पोत्यांत मीठ निघाले! राजाला तह करून अपार सोने द्यावे लागले. पोत्याचे तोंड सोडून पाहायला एकही बाईमाणूस नव्हते का तेथे?

घरी येताच मी ज्वारीचे पोते उघडून पाहिले. हे हसले. हसोत बापडे.