डबा की दाणे?

मागच्या महिन्यात आमच्या बोक्याची लघवी अडकली. जिवावरचं दुखणं! डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देता?" म्हटलं, कोरडे दाणे. "आता ओलं द्या." पण मग हे दाणे आले कुठून? रात्री जागून वाचत बसलो.

व्हिक्टोरियन लंडनमध्ये फेरीवाले घोड्याचं मांस काडीला टोचून मांजरांसाठी दारोदार विकायचे. म्हणजे ओलंच. विसाव्या शतकात अमेरिकेत डबे आले. मग महायुद्ध. १९४२ मध्ये पत्र्याची टंचाई झाली, सरकारने प्राण्यांच्या खाण्याला डबे नाकारले आणि कंपन्या कोरड्याकडे वळल्या. युद्ध संपलं, कोरडं राहिलं. १९५० च्या दशकात प्युरिनाने न्याहारीची सीरियल्स करायच्या एक्सट्रूडरमधून कुत्र्यांचे दाणे काढले. त्याच वाटेने मांजरांचेही आले. थोडक्यात, रिक्वायरमेंट मांजराची नव्हतीच, पत्र्याची होती!

मांजर मूळचं वाळवंटाकडचं, पाणी शिकारीतूनच मिळवणारं. उंदरात सुमारे ७० टक्के पाणी, डब्यात ७५-८०, दाण्यांत जेमतेम १०. वाटी भरून ठेवली तरी ते ही तूट पुरती भरून काढत नाही.

अर्थात डबाही काही देवाचा प्रसाद नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल पिऑन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तयार खाणं खाणाऱ्या मांजरांची हृदयं टॉरिनच्या कमतरतेने निकामी होत होती. आता टॉरिन घालतात, आणि डब्यात दाण्यांपेक्षा जास्तच घालावं लागतं.

असो. बोका सध्या डबा खातो, आणि दाण्यांच्या रिकाम्या बरणीपाशी बसून ओरडतो.