गाडी जिथे थांबली

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या खानदेशी बिऱ्हाडांत एकच घोर लागतो: गाडीत जागा मिळेल काय? गावाकडे वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी वाट पाहत असते; पण तिथवर पोचायचे कसे, हे आधी ठरावे लागते. हा घोर आजचा नव्हे. खानदेशातली कितीतरी गावे या पोचण्यावरच वर आली आणि बसली. त्याचा दाखला हवा असेल तर वाचकांनी भुसावळच्या पूर्वेला आठ मैलांवरच्या वरणगावाकडे पाहावे.

आगगाडी येण्यापूर्वी तापीच्या खोऱ्यातून सुरतेहून बऱ्हाणपुराकडे आणि पुढे आग्ऱ्याकडे जाणारा राजरस्ता होता. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला तो खानदेशातूनच. सामान्यांचा माल मात्र बंजाऱ्यांच्या लदणीच्या बैलांवर चाले. बैलाच्या पाठीवर गोणी, पुढे नायक, मागे सारा तांडा. मजल थोडी, मुक्काम फार. पण तांडा जिथे उतरे तिथे दाणावैरण विकली जाई, मीठ-धान्याचे व्यवहार होत, दूरच्या मुलखाच्या बातम्या कळत. पावसाळ्यात नदी-नाले भरले की सारेच ठप्प.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१–६५), तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडची आठवण झाली. त्याच दशकात लोहमार्ग भुसावळास येऊन पोचला. १८६५ पासून थळ घाट चढून गाड्या येऊ लागल्या. भुसावळास रुळांना दोन फाटे फुटले. एक तापी ओलांडून खांडव्याकडे आणि १८७० साली जबलपुरापर्यंत गेला; तिथे पूर्वेकडचा मार्ग मिळून मुंबई-कलकत्ता सलग जोडले गेले. दुसरा नदीच्या दक्षिणेने वऱ्हाडात शिरून १८६७ साली नागपुरास पोचला.

हा दुसरा फाटा वरणगावावरूनच जातो आणि तिथे स्टेशनही आहे. मग गावाची भरभराट व्हायला नको होती काय? झाले उलटेच. जुन्या सरकारी गॅझेटिअरात वरणगावाविषयी नोंद आहे ती अशा अर्थाची, की हे पूर्वी महत्त्वाचे गाव होते. भुसावळ तालुक्याचे ठाणे आणि रेल्वेचे केंद्र झाल्यापासून ते मागे पडले.

कारण सोपे आहे. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, कोळसा लागे, ड्रायव्हर-फायरमनची पाळी बदलावी लागे. ते सारे जंक्शनवर. तिथे गाडी थांबली म्हणून कारखाना आला, चाळी उभ्या राहिल्या, शाळा-बाजार आले. आठ मैलांवर तीच गाडी घटकाभर थबकून, पुष्कळदा तीही न थबकता, धूर सोडून निघून जाई. रूळ दारावरून गेले. उताराचे गाव दुसरे झाले.

जळगाव-धुळ्याची कथाही याच धाटणीची. १८१८ साली पेशवाई गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यास खानदेशाचे मुख्य ठाणे केले. पुढे मुंबई-आग्रा रस्ताही धुळ्यावरून गेला, पण मुख्य लोहमार्ग चाळीसगाव-जळगावावरून वळला. धुळ्याला चाळीसगावहून एक फाटा मिळाला, त्यावर समाधान मानावे लागले. १९०० च्या सुमारास सुरतेकडून तापी खोऱ्यातली रेल्वे अमळनेरमार्गे जळगावास येऊन मिळाली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्वेचे ठाणे जळगावच ठरले.

वरणगावाला उतारू परत मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पहिली एस. टी. सुटली, आणि पुढे ती खानदेशातही गावोगाव पोचली. तिची चाल बेताची, खडखडाट फार. पण हात केला की थांबणारी. १९६४ साली वरणगावास दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. देशाच्या कानाकोपऱ्यांतली माणसे बिऱ्हाडे घेऊन तिथे उतरली आणि राहिली. सुरत-नागपूर महामार्ग आज गावाजवळून चौपदरी धावतो.

याच मुलखातून आणखी एक प्रवास निघतो. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी दर वर्षी महिनाभराहून अधिक काळ चालत पंढरपूरला जाते. वाटेवर तिचे मुक्काम ठरलेले असतात, आणि मुक्कामाचे गाव वर्षभर त्या एका रात्रीची वाट पाहते.

नवा रस्ता, नवी गाडी यांच्या बातम्या आल्या की किती तास वाचणार, याचा हिशोब आपण आधी मांडतो. वरणगावच्या म्हाताऱ्या माणसाला विचाराल तर तो आधी दुसरेच विचारील: “आमच्या गावाला थांबते का?”