1875 : कर्जखतांची होळी आणि शेअरबाजाराचा जन्म

मुंबईच्या शेअरबाजाराला 2025 साली दीडशे वर्षे झाली. 1875च्या जुलै महिन्यात मुंबईतल्या दलालांनी 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' स्थापन केली, तोच आजच्या बीएसईचा आरंभ. त्याच्या दोनच महिने आधी, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते रस्त्यावर आणून जाळली. हे सुपे म्हणजे आपल्या पारनेर तालुक्यातले नव्हे, भीमथडीचे. पण ती आग थोड्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात आली. पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतली गावे उठली. दोन्ही जिल्ह्यांची मिळून तीसहून अधिक गावे होती. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

या दोन घटना एकाच वर्षी घडल्या हा योगायोग असेल. दोघींची मुळे मात्र एकाच तेजीत आहेत.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश तोवर अमेरिकेतून येत असे. तो थांबला आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशाला जागा हवी म्हणून रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. बॅक बेचा समुद्र बुजवून जमीन करण्याची कंपनी 1864ची. समुद्र अजून समुद्रच होता, पण तिच्या शेअरचे भाव कित्येक पटींनी वर गेले. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचे भागभांडवल असलेली बँक. तिनेही शेअरच्या तारणावर, आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या बड्या दलालाच्या शब्दावर, भरमसाट कर्जे वाटली.

1865च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले. 1 जुलै 1865 हा वायद्याच्या सौद्यांचा दिवस उजाडला तेव्हा देणी देण्याइतका पैसा कोणाकडेच नव्हता. व्यापारी पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली. 1868 साली चौकशी आयोग बसला आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. बुडालेल्या व्यापाऱ्यांची देणी निस्तरण्याचे मार्ग निघाले. काही वर्षांत दलाल पुन्हा झाडाखाली जमू लागले आणि दहा वर्षांनी त्यांची रीतसर संघटना झाली.

आता घाटावर या. सुपे, शिरूर, श्रीगोंदा हा काही कापसाचा मुख्य पट्टा नव्हता. पण तेजीत धान्याचे भाव वाढले, मजुरी वाढली, गाडीवाल्यांना आणि रेल्वेच्या कामांवर रोजगार मिळाला. सावकार हात सैल सोडून उधार देऊ लागले. तेजी सरली तशी उधारी बंद झाली आणि जुन्या बाकीचा तगादा सुरू झाला. पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत सरकारने याच काळात शेतसाराही वाढवला. सारा रोख आणि मुदतीत भरायचा. घरात पैसा नाही म्हणजे पुन्हा सावकाराचाच उंबरठा.

त्यातच 1859च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षांपुरतेच ग्राह्य ठरवले होते. व्याज साचत राहू नये हा हेतू. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई आणि कालचे व्याज आजचे मुद्दल होई. व्याज मुद्दलाहून जास्त घ्यायचे नाही, ही दामदुपटीची जुनी रीत कोर्टात टिकत नव्हती. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे उदाहरण आयोगापुढे आले. खाली सही कोणाची? लिहिता न येणाऱ्या कुणब्याची, म्हणजे नांगराची निशाणी. कोर्ट ती निशाणी पाहून हुकूमनामा देई. आत काय लिहिले आहे आणि किती रुपये खरोखर हातात पडले, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

म्हणून त्या मे महिन्यात लोकांनी काय मागितले ते नीट पाहावे. त्यांनी मागितले कागद. कागद हवाली केलेल्या सावकाराला बहुतेक ठिकाणी इजा झाली नाही. काही ठिकाणी लूट झाली, घरे-दुकाने जाळली गेली, हे लपवण्याचे कारण नाही. पण माणसे मारणे हा उठावाचा हेतू नव्हता, असे सरकारी कागदच सांगतात. लष्कर आले, धरपकड झाली, पुष्कळांना शिक्षा झाल्या. मुंबईत लाखोंची देणी बुडवणाऱ्यांसाठी चौकशी आणि तडजोड होती. श्रीगोंद्याच्या कुणब्यासाठी तुरुंग होता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. तेव्हाच्या कागदपत्रांत सावकारांचा उल्लेख 'मारवाडी' आणि 'गुजर' असा जातीने येतो, आणि आजही हा प्रसंग सांगताना अनेकजण तसाच सांगतात. मला हे खटकते. एखाद्या समाजाचे नाव घेऊन ठपका ठेवला की खरा हिशेब तिथेच मिटतो, हे आम्हा मुसलमानांना वेगळे शिकवावे लागत नाही. गावचा सावकार वरच्या पेढीचा देणेकरी होता आणि ती पेढी मुंबईच्या बाजारात अडकलेली होती. सर्वांच्या वर रोख सारा मागणारे सरकार होते. आयोगाने मुख्य दोष सावकारीला आणि कोर्टाच्या पद्धतीला दिला, सरकारच्या साऱ्याला मात्र त्यातून मोकळे सोडले.

मी मुलांना मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतो. कर्ज, बाकी, मुदत, जप्ती, वसूल हे शब्द दोन्ही वर्गांत चालतात, कारण ते अरबी-फारसीतून आलेले. 'व्याज' मात्र संस्कृतातला, आणि तिथे त्याचा अर्थ आहे कपट, बहाणा. म्हणून तर कपट नसलेल्या प्रेमाला आपण निर्व्याज प्रेम म्हणतो. कुरआनातली सर्वात लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याबद्दल आहे, आणि तिच्यात मजकूर सांगण्याचा हक्क कर्ज घेणाऱ्याला दिला आहे. 1875च्या दख्खनमध्ये नेमके उलटे चालले होते. मजकूर सावकाराचा, निशाणी कुणब्याची.

त्या आगीतून हाती काय आले? 1879चा दख्खन शेतकरी कायदा. कोर्टाने कर्जखताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासावा, कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करू नये, खते गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे व्हावीत, पैसे भरल्याची पावती मिळावी, अशा तरतुदी त्यात होत्या. सावकारांनी पळवाट काढलीच. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. शेतकऱ्याला स्वस्त कर्ज मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी सुचवलेली शेतकी बँक लंडनने नाकारली. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला 1904 उजाडले. पुढे याच जिल्ह्यात लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना सोबत घेऊन शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. हासुद्धा 1875ला दिलेला एक जबाब होता.

पण हिशेब पाहण्याचा हक्क एकदा मिळवून कायमचा पुरत नाही. 2008 साली अमेरिकेत बँका कोसळल्या, सरकारने त्या सावरल्या आणि घरे गेली ती सामान्यांची. तीन वर्षांनी लोक वॉल स्ट्रीटजवळ ठाण मांडून बसले ते याच रागातून. आपल्या राज्याला 2014 साली सावकारीचा नवा कायदा करावा लागला. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची सोय त्यात आहे, म्हणजे खरेदीखताची ती जुनी पळवाट सव्वाशे वर्षांनंतरही चालूच होती. आणि ऑक्टोबर 2023मध्ये रिझर्व्ह बँकेने 1910 सालच्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. विम्याचे संरक्षण 5 लाखांपर्यंतच. त्याहून मोठी ठेव असणाऱ्यांना हिशेब मागत हेलपाटे घालावे लागले. या वेळी कागद ठेवीदारांच्या हातात होते, वह्या मात्र दुसऱ्यांच्या.

सुप्याच्या बाजारात वह्या जाळणाऱ्यांना त्या वाचता येत नव्हत्या. आपल्याला वाचता येते. आपल्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल सभेच्या आधी मागून घ्यावा, जामीन राहताना प्रत्येक पान पाहावे, आणि सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्या माणसाला खाली बसवू नये.