पासपोर्टविना ओलांडलेली रेषा : श्रीनगर-मुझफ्फराबाद बसची कथा

१/ ७ एप्रिल २००५. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर स्टेडियममधून पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी एका बसला हिरवा झेंडा दाखवला. बस निघाली होती मुझफ्फराबादच्या वाटेने. या प्रवासाला ना पासपोर्ट लागणार होता, ना व्हिसा. लागणार होता तो केवळ एक प्रवेश-परवाना. हा साधा कागद ठरवण्यासाठी दोन्ही देशांना दीड वर्ष वाटाघाटी कराव्या लागल्या. का? #थ्रेड

२/ उत्तरासाठी फाळणीपर्यंत मागे जावे लागते. १९४७ मध्ये लाखो लोकांनी नवी सीमा ओलांडली, तेव्हा भारत-पाकिस्तान प्रवासासाठी पासपोर्ट-व्हिसाची व्यवस्थाच नव्हती. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननेही तसेच केले.

३/ हा परवाना थेट भारतीय संविधानात पोहोचला. अनुच्छेद ६ मध्ये १९ जुलै १९४८ ही तारीख आहे. तिच्या आधी आलेल्यांना एक नियम, नंतर आलेल्यांना दुसरा. अनुच्छेद ७ नुसार पाकिस्तानात गेलेली व्यक्ती परतली, तर पुनर्वसनाचा वा कायमचे परतण्याचा परवाना तिच्याजवळ आहे का, याला महत्त्व आले. प्रवासाचा कागद नागरिकत्वाचा आधार ठरला.

४/ १५ ऑक्टोबर १९५२ पासून परवान्याची जागा पासपोर्ट आणि व्हिसा यांनी घेतली. कालपर्यंत एकाच प्रांतात राहणारे आप्त आता एकमेकांसाठी कागदोपत्री परदेशी झाले. पंजाब आणि बंगाल यांच्या बाबतीत निदान एक गोष्ट स्पष्ट होती : तेथील आंतरराष्ट्रीय सीमा दोन्ही देशांना तत्त्वतः मान्य होती.

५/ काश्मीरचे तसे नव्हते. फाळणीपूर्वी खोऱ्यात येण्याचा प्रमुख मार्ग झेलमच्या काठाने, मुझफ्फराबाद-उरी-बारामुल्ला असा होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांचे आक्रमण याच रस्त्याने झाले आणि पुढे तो बंद पडला. १९४९ मध्ये शस्त्रसंधी रेषा आखली गेली. सुमारे १७० किलोमीटरच्या वाटेच्या दोन टोकांना एकाच घराण्याची माणसे दुभंगून राहिली.

६/ १९७२ च्या सिमला करारानंतर या रेषेला ‘नियंत्रण रेषा’ असे नाव मिळाले. ती सीमा आहे, असे मात्र कोणीच म्हटले नाही. संपूर्ण जम्मू-काश्मीर भारताचा अविभाज्य भाग आहे, असा ठराव भारतीय संसदेने १९९४ मध्ये एकमताने केला. पाकिस्तानच्या मते हा सारा प्रदेश वादग्रस्त आहे.

७/ म्हणूनच १९९९ ची दिल्ली-लाहोर बस कागदपत्रांच्या दृष्टीने सोपी होती. २० फेब्रुवारीला वाजपेयी त्या बसने वाघा ओलांडून गेले. पुढे सामान्य प्रवाशांनी पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून तोच मार्ग धरला. व्हिसावर शहरांची नावे असत आणि तेवढ्याच शहरांत जाता येई. नियम कडक होते, पण वाघा ही सीमा आहे याबद्दल वाद नव्हता.

८/ २२ ऑक्टोबर २००३ रोजी भारताने पाकिस्तानपुढे बारा प्रस्ताव ठेवले. त्यांत श्रीनगर-मुझफ्फराबाद बस होती. पाकिस्तानने तयारी दाखवली, पण अट घातली : तपासणी नाक्यांवर संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी असावेत आणि काश्मिरींनी संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांवर प्रवास करावा. सिमला करारापासून हा प्रश्न द्विपक्षीय मानणाऱ्या भारताला ते मान्य होणे शक्य नव्हते.

९/ भारताचा भर पासपोर्टवर होता. ओळख पटवण्याचे ते सर्वांत खात्रीचे साधन. पण पासपोर्टवर शिक्का उमटला की रेषेची सीमा होते, हा पाकिस्तानचा आक्षेप. आणि भारताच्या बाजूनेही पेच होताच : जो भूभाग आपलाच, तेथे जाण्यासाठी परदेशाचा व्हिसा कसा घ्यायचा?

१०/ तोडगा १६ फेब्रुवारी २००५ रोजी निघाला. परराष्ट्रमंत्री नटवर सिंह इस्लामाबादेत असताना घोषणा झाली : ओळखीची पडताळणी झाल्यावर प्रवेश-परवाना मिळेल आणि प्रक्रिया श्रीनगर व मुझफ्फराबाद येथील स्थानिक अधिकारी हाताळतील. या कागदाने प्रवाशाची ओळख मान्य केली. रेषेला नाव देण्याचे मात्र टाळले.

११/ ६ एप्रिलला, बस सुटण्याच्या आदल्या दिवशी, प्रवाशांना ठेवलेल्या श्रीनगरच्या पर्यटक स्वागत केंद्रावर दहशतवाद्यांनी हल्ला केला. इमारत पेटली, प्रवासी बचावले. दुसऱ्या दिवशी बस तरीही सुटली. बसने मात्र रेषा ओलांडली नाही. अमन सेतूवर प्रवासी उतरले आणि पायी पलीकडे गेले. तिकडून आलेलेही तसेच चालत आले.

१२/ सहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबरला भूकंपाने दोन्ही बाजू हादरल्या आणि या पुलाचेही नुकसान झाले. तेव्हा लोकांच्या भेटीगाठींसाठी रेषेवरील पाच ठिकाणे खुली करण्याचे ठरले. जून २००६ मध्ये पूंछ-रावळकोट बस सुरू झाली. २००८ मध्ये मालमोटारीही ये-जा करू लागल्या.

१३/ परंतु कायद्याने सोपा असलेला हा परवाना व्यवहारात सोपा नव्हता. अर्ज पलीकडे पाठवला जाई, दोन्हीकडे पडताळणी होई आणि दोन्ही बाजूंची संमती लागे. वृद्ध माणसे महिनोन्‌महिने वाट पाहत. सुरुवातीला बसही पंधरवड्यातून एकदाच. पासपोर्टची अट गेली, संशय मात्र राहिला.

१४/ २०१९ मध्ये पुलवामा हल्ल्यानंतर संबंध बिघडले आणि ही बस थांबली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली-लाहोर बसही बंद झाली. एकीला पासपोर्ट-व्हिसा लागत होता, दुसरीला परवाना. दोन्हींची गत एकच झाली.

१५/ सीमेवर मागितला जाणारा कागद प्रवाशाबद्दल जेवढे सांगतो, तेवढेच त्या रेषेबद्दलही सांगतो. १९४८ च्या परवान्याने माणसे दोन देशांत वाटली. २००५ च्या परवान्याने त्यांना काही दिवसांपुरते एकत्र आणले. नाव एकच, काम उलटे. फरक कागदात नव्हता, तो देणाऱ्यांच्या इच्छेत होता.