जनरल थोरातांचा हिशेब

आपल्याकडे सैनिकाची आठवण बहुधा वेशीपाशी राहते. गावात शिरताना चौथऱ्यावरचा स्तंभ दिसतो, त्यावर नाव, पलटण, वीरमरणाची तारीख. ही आठवण योग्यच आहे. पण पस्तीस वर्षे गणवेशात काढून, दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधत बिऱ्हाड हलवून, शेवटी पेन्शन घेऊन घरी परतलेल्या अधिकाऱ्याला आठवायचे कसे, याची रीत मात्र आपल्याकडे नाही. तो रणात पडला नाही म्हणून स्तंभ नाही, आणि सरसेनापती झाला नाही म्हणून पाठ्यपुस्तकात धडा नाही. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे असेच गृहस्थ. 1906 साली कोल्हापूरजवळच्या वडगावला जन्म, 1926 साली सँडहर्स्टहून कमिशन, 1961 साली निवृत्ती, 1992 साली मृत्यू. त्यांच्याबद्दल मराठीत जे थोडे बोलले जाते ते कांगॉच्या लढाईभोवती फिरते. माझे म्हणणे असे की थोरातांचे खरे मोठेपण कर्त्या माणसाचे आहे, आणि ते लढाईपेक्षा त्यांनी मांडलेल्या हिशेबांत अधिक स्वच्छ दिसते.

कर्ता हा शब्द मी जाणून वापरतो आहे. एकत्र कुटुंबात कर्त्याची हौस सगळ्यात शेवटी आणि हिशेब सगळ्यात आधी. खाणारी तोंडे किती, कणगीत दाणे किती, त्यातले बियाण्याला किती राखायचे, आणि पाऊस लांबला तर काय, हे ज्याला रात्री झोपण्यापूर्वी ठाऊक असते तो कर्ता. चांगल्या कमांडिंग अफसराची रात्रही अशीच जाते: जवान किती, काडतुसे किती, पाणी कुठून येणार, जखमी झालेल्याला खाली कोण नेणार. म्हणून कुटुंबवत्सल माणूस आणि पेशाने शिपाई, अशी दोन खाती पाडून अधिकाऱ्याचे चरित्र लिहिण्याची पद्धत मला पटत नाही.

थोरात ज्या काळात फौजेत शिरले तो काळही लक्षात घ्यावा लागतो. सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा, आणि परत आल्यावर ठरवून दिलेल्या आठ पलटणींतच नेमणूक, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याची वेळ येऊ नये. त्या आठांपैकी एक पहिली चौदावी पंजाब, थोरातांची पलटण. याच पलटणीत अयुब खान होते. आझाद हिंद सेनेचे मोहन सिंग आणि शाहनवाज खानही इथलेच. एका पलटणीच्या अधिकाऱ्यांतून एक पाकिस्तानचा लष्करशहा झाला, दोघे साम्राज्याविरुद्ध उभे राहिले, आणि थोरात इंग्रजांच्या फौजेत राहून जपान्यांशी लढले. यांपैकी कोणाचे बरोबर, या वादात मी पडत नाही. थोरातांनी निवडलेली वाट पेशाची होती, आणि पुढे स्वतंत्र भारताला आयते सेनापती मिळाले ते त्याच वाटेने आलेले.

जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर कांगॉ इथे 51 व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती होत्या: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण घेऊन थोरात 'मेलरोझ' नावाच्या टेकडीवर चढले. जपानी खंदकांत घट्ट रुतून बसले होते. शेवटचे अंतर संगिनीने तोडावे लागले. तिघांनाही डीएसओ हे लष्करी पदक मिळाले. कर्त्याचा सावधपणा म्हणजे भित्रेपणाच, असे कोणी म्हणेल तर त्याला हीच टेकडी दाखवावी लागेल. जिथे किंमत मोजून काही पदरात पडणार होते, तिथे थोरातांनी ती मोजली.

पण कोरियातले थोरात मला जास्त मोठे वाटतात. 27 जुलै 1953 रोजी तिथे युद्धविराम झाला. मायदेशी परत जायचे नाही म्हणणारे साडेबावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी सांभाळायचे काम भारताकडे आले. या कैद्यांसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, राखण करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय जवानाचा पाय आपल्या भूमीला लागू द्यायला तयार नव्हते, म्हणून आपली फौज बोटींवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आपल्या कुंपणात कोंडले. बाहेर बंदुका रोखलेल्या, आत चवताळलेला जमाव. थोरात नि:शस्त्र आत गेले, बोलत राहिले, आणि मेजरला सोडवून बाहेर आले. पुढच्या काही दिवसांत इतरत्र गोळी झाडावी लागली आणि कैदी मेले, हेही लपवायचे कारण नाही. पण त्या दिवशी त्या कुंपणात एकही जीव गेला नाही. या कामगिरीसाठी त्यांना दुसऱ्या श्रेणीचे अशोकचक्र मिळाले. न झाडलेल्या गोळीचे स्मारक कुठे उभारत नाहीत, म्हणून हा प्रसंग निदान सांगत राहिला पाहिजे.

तिसरा हिशेब कागदावरचा. लखनौला ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना थोरातांनी 8 ऑक्टोबर 1959 रोजी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, संरक्षणाचे टिपण सेना मुख्यालयाला पाठवले. त्याचा गाभा साधा होता. सरहद्दीच्या मॅकमहोन रेषेवरच्या चौक्या टेहळणीपुरत्या ठेवा, कारण तिथवर रस्ता नाही, रसद पोचत नाही. खरी लढाई बोमदिलापासून तेजूपर्यंतच्या मागल्या फळीवर द्या, म्हणजे लांबच्या वाटचालीचा ताण चिन्यांवर पडेल. सरसेनापती थिमय्यांना ते पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी घबराट पसरवणारा कागद म्हणून झिडकारले. मार्च 1960 मध्ये थोरातांनी लखनौला 'लाल किल्ला' नावाच्या सरावात तोच ताळेबंद मुख्यालयाच्या वरिष्ठांसमोर पुन्हा मांडला. पुढच्या वर्षी थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती, जागा जनरल थापरांना मिळाली, आणि थोरातांची नोकरी संपली.

नेफातल्या नामका चू या नदीकाठी पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. दहा हजार फुटांहून उंच खोऱ्यात, सुती गणवेशात, माणशी पन्नासेक काडतुसे देऊन सातवी ब्रिगेड उभी केली होती. विमानातून टाकलेल्या सामानापैकी बरेचसे दरीत जाई. 20 ऑक्टोबर 1962 च्या पहाटे चिन्यांचा हल्ला झाला. दुसरी राजपूत या एकाच पलटणीतल्या 513 जणांपैकी 282 मारले गेले.

थोरातांवर इथे दोन गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला असा की मागे सरून लढण्याची योजना म्हणजे भूमी सोडणे, ते लोकशाही सरकारला परवडणारे नव्हते. अडचण खरी आहे, आणि थोरातांच्या योजनेने युद्ध जिंकलेच असते असे मीही म्हणणार नाही. पण सरकारला भूमी सोडणे परवडत नसेल, तर रस्ता आणि रसद पुरवणे परवडायला हवे होते. दोन्ही नाकारून जवानांना नदीकाठी उभे करणे हा निर्णय कुठल्याही कर्त्याला शोभणारा नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: इतके दिसत होते तर राजीनामा का दिला नाही? चांगल्या हुद्द्यावरच्या संसारी माणसाने पेन्शन सांभाळली, असा त्यातला छुपा आरोप. त्याला उत्तर म्हणून थिमय्यांची हकीकत पाहावी. 31 ऑगस्ट 1959 रोजी त्यांनी राजीनामा दिला, नेहरूंच्या शब्दावर मागे घेतला, आणि त्यानंतर त्यांच्या बोलण्याचे वजन घटले. थोरातांचे टिपण या घटनेनंतर सहा आठवड्यांच्या आत गेले आहे. राजीनाम्याचे काय होते हे समोर दिसत असताना त्यांनी लेखी, तारखेसह, मागे राहील असा कागद केला. फौज मुलकी सत्तेच्या हाताखाली राहावी हे मान्य असलेल्या अधिकाऱ्याला याहून पुढे जाता येत नाही. त्यांच्या जुन्या पलटणीतले अयुब खान कुठवर गेले ते आपण पाहिले आहे. कर्त्यासारखे जवानांना लेकरे मानणे ही इंग्रजांची मायबापगिरी होती, असेही काही जण म्हणतात. पण मायबाप वरच्यांना जाब विचारत नाही, आणि थोरातांनी तो दोनदा विचारला.

युद्ध पेटल्यावर नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतले. ते टिपण आपल्यापर्यंत आलेच नव्हते, असे पंतप्रधानांनी म्हटल्याची नोंद थोरातांच्या 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट' या आत्मचरित्रात आहे. राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांची आणि थिमय्यांची नेमणूक झाली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा दुसरा एक माणूस तीन वर्षे आधीच हाक देत होता, हेही त्याच वाक्यात यायला हवे. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. मुलगा यशवंत थोरात रिझर्व्ह बँकेत गेला आणि नाबार्डचा अध्यक्ष झाला, सून उषा थोरात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर झाल्या. जमाखर्चाची शिस्त त्या घरात पुढे चालली, असे मला तरी वाटते.

ज्या टिपणाला घबराट म्हटले गेले, ते 1986 मध्ये निघालेल्या त्या आत्मचरित्रात आले आहे. मराठी वाचकाने ते एकदा काढून वाचावे.