तिकिटावरील आमरी

ता. १२ ऑक्टोबर १९९१ रोजीं भारत सरकारच्या टपालखात्यानें सहा तिकिटांचा एक संच काढला. सहाही तिकिटांवर आपल्या देशांतील रानटी ऑर्किडें, म्हणजे आमरीच्या जातीचीं फुलें, छापलेलीं आहेत. त्यांपैकीं तीन रुपयांच्या तिकिटावरील एरिडीस क्रिस्पम आपल्या सह्याद्रींतही फुलतें. तिकिटें जमविणाऱ्या मुलांना हा संच रंगांमुळें आवडेल. परंतु इतिहासाची गोडी असणाऱ्या वाचकानें त्यांतील सहा रुपयांचें तिकीट जरा बाजूस काढून पाहावें.

त्यावरील फुलाचें शास्त्रीय नांव सिंबिडियम डेव्होनिएनम. हें नांव डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकावरून पडलें. या इंग्रज उमरावास ऑर्किडांचा विलक्षण नाद होता. चॅट्सवर्थ येथील आपलीं कांचगृहें भरण्यासाठीं त्यानें जॉन गिब्सन नांवाच्या तरुण माळ्यास १८३५ सालीं हिंदुस्थानांत धाडिलें. गिब्सन चेरापुंजीच्या आसपास खासी टेकड्यांत हिंडला आणि १८३७ मध्यें पेटारेच्या पेटारे भरून स्वदेशीं परतला. फूल खासींच्या डोंगरांतलें, आणि नांव मात्र ज्यानें तो डोंगर कधीं पाहिलाही नाहीं त्याचें!

पुढें १८४० च्या मे महिन्यांत इंग्लंडांत जगांतील पहिलें चिकटवावयाचें टपाल तिकीट निघालें, आणि १८४५ मध्यें कांचेवरील कर उठला. पहिल्यानें तिकिटें जमविण्याच्या छंदास जन्म दिला, दुसऱ्यानें कांचगृहें स्वस्त केलीं. दोन्ही छंद अशा रीतीनें एकाच पिढींत वाढले. मात्र एकानें कागद वेंचला, दुसऱ्यानें रानें ओरबाडलीं.

हें विधान कोणास कठोर वाटेल, म्हणून प्रत्यक्ष वनस्पतिशास्त्रज्ञाचीच साक्ष घ्यावी. जोसेफ हूकर १८५० मध्यें खासी टेकड्यांत होता. तेथें त्यास निळा व्हँडा विपुल फुललेला आढळला. क्यू येथील राजोद्यानासाठीं त्यानें सात माणसांनीं वाहून न्यावें एवढें त्याचें ओझें गोळा केलें. त्यांतलीं थोडींच रोपें विलायतेस जिवंत पोंचलीं. त्याच वेळीं दुसऱ्या एका गृहस्थानें एका माणसाचें ओझें इंग्लंडांत विक्रीस पाठविलें. तें फार वाईट स्थितींत पोंचलें, तरी तीनशे पौंडांस विकलें गेलें. हूकरानें हें सारें १८५४ च्या आपल्या प्रवासवृत्तांत मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. मेलेल्या रोपांचा हिशेब ठेवणारा हा माणूस रानें उजाड होत असल्याचेंही नमूद करतो, हें त्याच्या प्रामाणिकपणास शोभेसें आहे. पण त्यानें हात मात्र आवरला नाहीं.

वनस्पतींची नोंद करण्याची एक जुनी रीत याहून निराळी होती. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याचा बारा खंडांचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ १६७८ पासून १६९३ पर्यंत प्रसिद्ध झाला. त्याच्या कामांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मणांनीं आणि इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यानें साह्य केलें. त्या तिघांची साक्ष पहिल्या खंडांत नागरी लिपींत छापलेली आहे. शेवटच्या खंडांत आपण जिला सीतेची वेणी म्हणतों ती आमरी आहे, तीही मलबारी नांवानें. तीच सीतेची वेणी १९६५ मध्यें मलेशियाच्या पंधरा सेंटांच्या तिकिटावर आली.

आपल्या १९९१ च्या संचांत दोन रुपयांच्या एका तिकिटावर पॅफिओपेडिलम व्हेनुस्टम आहे. खडावेसारखा ओठ असलेलें हें फूल. त्याच वर्षीं वन्यजीव संरक्षण कायद्यांत दुरुस्ती होऊन या सबंध कुळास संरक्षण मिळालें. हूकरानें सात ओझीं नेलेला निळा व्हँडाही त्याच परिशिष्टांत आला. सहा तिकिटांच्या त्या संचांत मात्र त्यास जागा मिळाली नाहीं.