शिसवीची पट्टी

पर्यटनाच्या हंगामात हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर रात्री ब्लूज कानावर पडतो. गोव्याच्या या पेडणे तालुक्यात तो चर्चच्या वाटेने आलेला नाही. बार्देश-सासष्टीत पॅरिश शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं. डिचोली आणि पेडणे हे मात्र नव्या काबिजादीतले तालुके. पेडणे तर 1788 साली पोर्तुगीज अमलाखाली गेलं. इथला कान भजनाच्या पेटी-पखवाजावर आणि दशावतारावर तयार झाला. त्या कानाला ब्लूज परका वाटत नाही, कारण त्यातही सूर खेचून गळ्यासारखा लववायचा असतो.

म्हणूनच इथल्या मुलांनी जुन्या घडणीची गिटार घेताना आधी रंग आणि नाव न बघता बोटांखालची पट्टी बघावी. तिची कुळकथा आपल्या डोंगरांपर्यंत येते.

ब्लूजचा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 साली मिसिसिपीहून शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज पोचेना, तेव्हा त्याने विजेची गिटार धरली. 1950 साली लिओ फेंडरने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिचा दांडा आणि पट्टी एकाच मेपलची, वरून पॉलिश. वाजवून वाजवून पॉलिश उडे आणि फिकट लाकडावर काळे डाग पडत. 1958 साली फेंडरच्या जॅझमास्टर गिटारवर गडद रोझवूडची पट्टी आली, पुढच्या वर्षी स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरवरही. सुरुवातीची पट्टी जाड, खालून सपाट होती. 1962 पासून ती पातळ, वळणदार झाली. आज 'बासष्टची' म्हणून ज्या प्रतिकृती विकतात, त्यांचं मूळ इथे आहे.

ते लाकूड ब्राझीलचं होतं. साठीचं दशक सरता सरता ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात आवळली, आणि कारखाने भारतीय रोझवूडकडे वळले. गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने 1969 साली हा बदल केला. भारतीय रोझवूड म्हणजे शिसव, सह्याद्रीतलंच झाड. गोव्यातल्या जुन्या घरांतली कोरीव आसनं-कपाटं याच लाकडाची. तेव्हा पर्याय म्हणून आलं, म्हणून हे लाकूड दुय्यम आहे, असं जे दुकानात सांगितलं जातं ते मला मुळीच पटत नाही. गेल्या पन्नासहून अधिक वर्षांतल्या असंख्य उत्तम गिटारी याच पट्टीवर वाजल्या आहेत.

खरा फरक पट्टीच्या गोलाईत आहे. जुन्या फेंडरच्या पट्टीची त्रिज्या 7.25 इंच, म्हणजे ती चांगलीच गोल. गिब्सन कंपनीच्या गिटारची 12 इंच, जवळजवळ सपाट. गोल पट्टीवर कॉर्ड धरताना हाताला आराम मिळतो. पण ब्लूजमध्ये तार आडवी ढकलून सूर चढवतात, आणि तारा खाली बसवलेल्या असल्या तर वरच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे पट्टीवरची धातूची आडवी कांब) ती ढकललेली तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मधेच मरतो. म्हणून गिटार हातात आली की पहिल्या तारेवर पंधराव्या फ्रेटला सूर पूर्ण एक स्वर चढवून बघा. आवाज दबला, तर दुकानदाराला तारा थोड्या उंच करायला सांगा. तरीही दबला, तर ती गिटार सोडा. 9.5 इंचांची पट्टी हा मधला मार्ग आहे आणि पहिल्या गिटारला मी तोच सुचवेन.

आपल्या पावसाळ्यात दांडा हलतो, फ्रेट गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा आणि पट्टी पुसा. पट्टीला खोबरेल लावू नका, ते खवट होतं.

2017 साली शिसवाच्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि परदेशी गिटारी विकणाऱ्यांचे हाल झाले. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलचं रोझवूड मात्र 1992 पासून कडक बंदीत आहे. त्याच्या नावाने जादा पैसे मागणाऱ्याकडून कागदपत्रं आधी मागून घ्या. नसतील, तर शिसवीची पट्टी घ्या.